परातीतली केळी

"केळी चांगली पोसेल शे, पन पाट कोठे दिसी नही ऱ्हायना."

हे वाक्य मी शहाद्याच्या आमच्या घरात, स्वयंपाकघर आणि बैठक यांच्या मधल्या दाराआड उभी राहून ऐकले. माझ्या हातात पाण्याचा तांब्या आणि पेले होते. बोलणारे पाहुणे तापीकाठच्या एका गावचे केळीवाले बागायतदार होते आणि माझ्या धाकट्या काकांना पाहायला आले होते. काकांना पाहायला म्हणजे आमचे घर, वावर, बैल आणि वेळ उरला तर काका. पाहुण्यांची मुलगी लग्नाची झाली होती. काका लग्नाचे होऊन बरीच वर्षे झाली होती.

ज्या केळीबद्दल ते बोलत होते ती बैठकीच्या भिंतीवर होती. एका बाजूला बियाण्यांचे कॅलेंडर, दुसऱ्या बाजूला आईवडिलांचा लग्नातला फोटो आणि मध्ये काळ्या चौकटीत केळीची बाग. सकाळचे तिरपे ऊन, जमिनीवर लांब सावल्या, मागे धुके. फोटो मी काढलेला होता. बाग आमच्या पितळी परातीत होती.

"पाट मांगे व्हई," मामा म्हणाले. मामा म्हणजे आईचे मावसभाऊ. हे स्थळ त्यांनी आणले होते. त्यांना बाग माहीत नव्हती आणि पाटही माहीत नव्हता. पण कोणी काही विचारले की उत्तर द्यायचे, असा त्यांचा स्वभाव होता आणि त्या स्वभावावरच त्यांनी गावातली निम्मी लग्ने जमवली होती.

वडील पान आणायला बाहेर गेले होते. काका मागच्या अंगणात हातपाय धूत होते. त्यामुळे घरच्यांपैकी हे बोलणे मी एकटीने ऐकले. पाहुण्यांना ती बाग खरी वाटते आहे आणि आमची वाटते आहे, हे मला कळले. त्याने मी घाबरायला हवे होते. पण मला आधी राग आला. पाट होता. मीच तो चौकटीबाहेर ठेवला होता, आणि त्याला कारण होते.

ते कारण सांगण्यापूर्वी आमच्या जमिनीविषयी सांगितले पाहिजे. ती शहाद्याच्या उत्तरेला, सातपुड्याकडे चढत जाते. कापूस आणि ज्वारी. आजोबांच्या वेळी तिथे विहीर खणायला घेतली तेव्हा खडक लागला. तो फोडला तेव्हा आणखी खडक लागला. तिसऱ्या खडकापाशी आजोबांनी काम थांबवले. तो खड्डा अजून आहे आणि आम्ही त्याला विहीर म्हणतो. तापीकाठच्या लोकांना आपली मुलगी कोरडवाहू घरात द्यायची नसते. यापूर्वी जे जे पाहुणे आले ते वावराच्या बांधापर्यंत गेले, विहिरीत डोकावले आणि तिथूनच परत फिरले. काका त्यांना बैलगाडीने स्टँडपर्यंत सोडत आणि एसटी सुटेपर्यंत थांबत. घरी आल्यावर बैल सोडून जेवायला बसत. त्या दिवशी आई त्यांना नेहमीपेक्षा जास्त वाढायची आणि ते नेहमीपेक्षा कमी खायचे.

या स्थळाच्या आदल्या आठवड्यात काकांनी वडिलांना सांगितले होते की आता हे शेवटचे. यानंतर कोणाला बोलवायचे नाही, माणसे उगाच भाडे खर्चून येतात. वडिलांनी मान हलवली. आई चुलीपुढे होती. तिने मान हलवली नाही.

मी स्वतः त्या घरात थोडी पाहुणीच होते. माझे शिक्षण नाशिकला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत झाले आणि मॅट्रिक झाल्यावर मी घरी परतले. शाळेत मराठी बोलल्यास दंड होता, म्हणून मी तिथे गप्प बसायला शिकले. घरी सगळे अहिराणी बोलत. मला ती सगळी समजायची, पण जीभ वळायची नाही, आणि पुस्तकी मराठी बोलले की शेजारच्या बायका पदर तोंडाला लावत. म्हणून मी इथेही गप्प बसले. गावाने ठरवून टाकले की इंग्रजी शिकल्याने पोरीची वाचा गेली. एका बाईने यावर काढा सुचवला होता. आईने तो मला आठवडाभर दिला.

शाळेत नाताळच्या आधी गव्हाणीचा देखावा मांडत. बाळ, आईबाप, गायी, मेंढ्या, वर तारा. मी बोलत नसल्यामुळे मला मेंढ्या लावायचे काम मिळत असे. जमिनीवर कापूस पसरत; तो बर्फ. हा कापूस कुठून येतो हे त्या खोलीत फक्त मला माहीत होते आणि मला कोणी विचारले नाही. पण मेंढ्या लावताना जमिनीला गाल टेकवून पाहायची मला सवय लागली. उभे राहून पाहिले की ते टेबल दिसायचे. गाल टेकवला की डोंगर दिसायचा.

घरी येताना मावशीने तिचा जुना बॉक्स कॅमेरा दिला. तो एक काळा डबा होता. वर नखाएवढी खिडकी, तिच्यात वाकून पाहायचे. बाजूला एक खटका. आधी मी माणसांचे फोटो काढून पाहिले. माणसे कॅमेरा दिसताच श्वास कोंडून उभी राहत आणि खटका वाजला की लगेच प्रत कधी मिळेल ते विचारत. शिवाय त्यांना "थोडे डावीकडे सरका" असे सांगावे लागे, म्हणजे बोलावे लागे. मी माणसे सोडून दिली. ज्यांना सरकवायला हात पुरतो अशा गोष्टींकडे वळले.

आमचे घर धाब्याचे, म्हणजे वर सपाट मातीचे छत. तिथे मी मांडामांड करायची. परात याच्यासाठी की सगळे एकदम उचलून उन्हाकडे फिरवता येते. सूर्याला सरकवता येत नाही, परातीला येते. काड्यापेट्यांची एसटी केली. कापसाच्या ढिगांचे जिनिंगचे आवार केले. त्यात कापसाने कापसाचेच काम केले, म्हणून ते लगेच जमले. मंगळवारचा बाजार केला तो मात्र पूर्ण फसला.

फसण्यामागची कारणे मला एकेक करून कळत गेली, आणि प्रत्येक कारणाला एक रोल लागला. रोल धुवायला नंदुरबारच्या स्टुडिओत जायचा, कोणी ओळखीचे एसटीने जाणारे असले तर. परत येईपर्यंत मी काय चुकले असेल याचा विचार करत बसायची. बहुतेक वेळा वेगळेच काहीतरी चुकलेले असायचे.

पहिली अडचण अशी की हा कॅमेरा जवळचे पाहायचाच नाही. त्याला दहा पावलांवरची माणसे लागत. मी आजोबांच्या मोडक्या चष्म्याची काच मेणाने त्याच्या भिंगापुढे चिकटवली आणि कुठल्या अंतरावर स्पष्ट येते ते शोधून तेवढी सुतळी कापून ठेवली. मग झाडांचे शेंडे कापले जाऊ लागले. पुष्कळ दिवसांनी लक्षात आले की मी वरच्या खिडकीतून पाहते, पण कॅमेरा त्याच्याखालच्या डोळ्याने पाहतो. दोघांना एकच गोष्ट दिसत नाही. त्यानंतर मी खिडकीतून पाहून झाले की कॅमेऱ्याखाली विटेचा तुकडा सरकवून तो दोन बोटे वर उचलायची, म्हणजे जिथून मी पाहिले तिथून तो पाहील. हे कोणी शिकवले नाही. शिकवायला कोणी असते तर त्याला विचारावे लागले असते.

बाकीचे सगळे एकाच प्रश्नावर येऊन थांबायचे: काय लहान होते आणि काय होत नाही. घर लहान होते, झाड लहान होते, बैल बऱ्यापैकी लहान होतो. कापड लहान होत नाही. त्याची वीण उघडी पडते आणि बाजारातली साडी गोणपाटाची दिसते. वाळू होत नाही. म्हणून माती आईच्या जुन्या मलमलीतून तीनदा गाळायची. मुंगीही होत नाही. मंगळवारच्या बाजारात एक मुंगी शिरली होती आणि फोटोत ती गुळाच्या दुकानासमोर एखाद्या वासरासारखी उभी आहे. धूर मात्र गुणी आहे. परातीमागे उदबत्ती लावून ठेवली की सकाळ होते.

सर्वांत हट्टी पाणी. पाण्याला लहान होणे माहीतच नाही. परातीत थेंब सोडला तर तो कडा फुगवून बसतो आणि फोटोत टरबुजाएवढा दिसतो. बोटभर रुंदीची नदी केली तर ती काठावर चढून पालथ्या वाटीसारखी उभी राहते. माझ्या एकाही फोटोत पाणी नाही. पुढे एका जाणकाराने माझी चित्रे पाहून त्यांतल्या कोरडेपणाविषयी बरेच काही सांगितले. मी ऐकून घेतले.

केळीची बाग मांडायला घेतली तेव्हा मी खोडांसाठी ज्वारीची ताटे कापत होते. दुपारची वेळ होती. काका धाब्यावर पडायला आले होते. ते डोळे मिटून पडल्या पडल्या म्हणाले, "केळीना खोड असा नही ऱ्हास."

मी थांबले. ते थोडा वेळ पडून राहिले. मग उठून खाली गेले आणि लसणाची माळ घेऊन आले. वाळलेल्या लसणाची मान सोलली तर ती पदरावर पदर अशी निघते, अगदी केळीच्या खोडासारखी. त्यांनी एक खोड केले, मातीत रोवले, पाहिले आणि पुन्हा पडले. दुसऱ्या दिवशी मी धाब्यावर गेले तेव्हा ते आधीच येऊन बसले होते आणि बाभळीच्या डिंकाने जिऱ्याचे दाणे चिकटवत होते. ते घड होते. जिरे वाकडे असते आणि केळेही वाकडे असते, हे मी जन्मभर दोन्ही पाहूनही माझ्या ध्यानात आले नव्हते.

त्यानंतर बाग त्यांचीच झाली. मी फक्त ऊन कुठून येते ते सांगायची, तेही बोटाने. ओळींसाठी त्यांनी परातीवर दोरा ताणला आणि झाडाझाडांत बोटाने अंतर धरले. पाने खऱ्या केळीच्या पानाच्या कडेची, कात्रीने कापून, मधोमध नखाने रेघ ओढलेली. घड जड झालेल्या झाडांना खराट्याच्या काडीचा टेकू. वारा अडवायला बागेच्या कडेला शेवरीची झाडे लावतात म्हणून शेपूच्या काड्यांची शेवरी. मी विचारले नाही, पण हे सगळे त्यांना माहीत कसे याचे मला नवल वाटत होते. आमच्या वावरात तर केळी कधीच नव्हती. मग आठवले की तापीकडे गाडी घेऊन गेले की ते नेहमी उशिरा परतत. आई म्हणायची, बैल सोडून कोणाच्यातरी बांधावर बसला असेल.

त्यांनी पाटही काढला होता. सुरेख, उतार धरून, प्रत्येक ओळीला वळण देऊन. मी त्यात चमच्याने पाणी सोडले. पाण्याने आपला स्वभाव दाखवला आणि पाटाचा फुगलेला साप झाला. काकांनी ते पाहिले आणि बोटाने पाणी टिपून घेतले. कोरडा पाट आणखी वाईट दिसला; त्याने सगळी बाग खोटी पाडली. मी कॅमेरा जरा डावीकडे नेला. पाट गेला, बाग राहिली. कापलेली पाने ऊन चढले की मान टाकतात, म्हणून घाई होती. खटका दाबला. अर्ध्या तासात बाग सुकली आणि काकांनी खोडे उपटून बिस्किटाच्या डब्यात ठेवली.

"मन्हं नाव सांगू नको कोनले," ते म्हणाले. "लोके हासतीन. इतला मोठा मानूस, परातमा केळी लावस."

मी मान हलवली. माझ्याकडून एखादी गोष्ट बाहेर फुटेल अशी भीती बाळगण्याचे काही कारण नव्हते.

रोल धुऊन आला तेव्हा स्टुडिओवाल्याने ती बाग आपण होऊन मोठी करून पाठवली होती. आईने ती चौकटीत बसवली. तिचे म्हणणे होते, घरातल्या सगळ्या फोटोंमध्ये हा एकच असा आहे ज्यात कोणाचे डोळे मिटलेले नाहीत. घरच्यांना ते माझे परातीतले काम म्हणून माहीत होते. काका भिंतीकडे बघायचे नाहीत, पण बसायचे नेहमी समोरच्या खांबाला टेकून.

आता बैठकीत काका आले. धुतलेले हात, स्वच्छ टोपी. त्यांनी रामराम केला आणि खांबाला टेकून बसले. मी पाणी ठेवून पुन्हा दाराआड गेले.

"बाग झकास शे तुमनी," पाहुणे म्हणाले. "नदीकडे शे का?"

काकांनी भिंतीकडे पाहिले. मग दाराकडे पाहिले. "बाग नही शे आमनी. कोरडवाहू वावर शे. कापूस."

पाहुणे खुशीत हसले. "मानूसनी इतलं बी लपाडू नही."

वडील पानाचा पुडा घेऊन आत येत होते. "काय लपाडं?"

"बाग."

वडिलांनी भिंतीकडे पाहिले आणि तेही हसले. "ती का? ती पोरनं काम शे. परातमा मांडस आन् फोटू काढस."

"परातमा?"

"परातमा."

पाहुण्यांनी मामांकडे पाहिले. मामांनी पाच मिनिटांपूर्वी त्या बागेच्या मागे पाट काढून दिला होता. ते म्हणाले, "मी तर नुसता फोटूच देखा भाऊ," आणि पाणी प्यायले.

पाहुणे उठून फोटोपाशी गेले. काचेवर बोट ठेवून त्यांनी एक घड दाखवला, मग दुसरा. "हाऊ घड दखा. हाऊ टेकू दखा. आठे शेवरी लायेल शे. मिशी फुटनी तव्हयपासून केळी करी ऱ्हायनू मी, आन् माले सांगतस परात! परातमा पोळीनं पीठ ऱ्हास!"

आमच्याकडे खरे बोलून झाले होते आणि दुसरे काही तयार नव्हते. ती शांतता पाहुण्यांना वेगळीच वाटली. ते परत येऊन बसले आणि हळू आवाजात, सगळे समजल्यासारखे बोलू लागले.

"वाटनी व्हई जायेल शे. बाग मोठा भाऊले, कोरडं वावर धाकलाले. म्हनीसन बागनं नाव कोनी काढत नही."

वडिलांचे स्टँडजवळ बियाण्यांचे छोटे दुकान होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नावावर बाग झाली, आणि तीही हडपलेली. त्यांनी पुडा हातातच धरून ठेवला. "चला, वावर दखाडतू," ते म्हणाले.

"तुम्ही दखाडशात ते वावर मी कसाले देखू? कोरडंच दखाडशात." पाहुणे आता दुखावले होते. "पानी नही ते नही म्हना. मी त्याना बी इचार करतू. मानूस गरीब दिसस, बरा दिसस. पन जे घर पाव्हनापासून बाग लपाडस, त्या घरमा मी पोटनी आंडेर कशी देऊ?"

म्हणजे गोष्ट अशी झाली होती. पाणी नाही म्हणून आजवर नकार आले होते. हा माणूस पाण्यावाचूनही विचार करायला तयार होता. आणि आता नकार येणार होता तो नसलेल्या बागेमुळे.

माझ्यामागे आईने परातीतले पीठ डब्यात ओतले, परात पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली. "जाय," ती म्हणाली.

मी बैठकीतून मान खाली घालून अंगणात गेले. उजेड तिथे होता. सगळे उठून माझ्या मागोमाग आले. पाहुण्यांना बाजेवर बसवले. मी माती गाळली, परात भरली. मोरीच्या पाण्यावर वाढलेली एक केळ आमच्या मागच्या अंगणात होती. ती घरातली एकमेव बागायत. तिचे एक पान आईने तोडून आणले. मी कात्रीने पाने कापायला बसले. बिस्किटाचा डबा वर धाब्यावर होता. काका तो आणायला निघाले, दोन पायऱ्या चढले आणि थांबले. मग बाजूला उभे राहिले. डबा मी आणला.

पाहुण्यांनी लसणाचे पहिले खोड पाहिले तेव्हा त्यांचे तोंड थोडे उघडले. जिऱ्याचा घड मी त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उन्हात धरला, हुंगला आणि म्हणाले, "जिरं."

"जिरं," वडील म्हणाले. त्यांना जरा धीर आला होता.

मी खोडे रोवत गेले, पाने लावत गेले, उदबत्ती पेटवून परातीमागे ठेवली. कॅमेरा विटेवर ठेवून मी बाजूला झाले आणि पाहुण्यांना बोटाने खिडकी दाखवली. ते गुडघ्यावर बसले, टोपी सावरली आणि वाकले.

"आरे," ते म्हणाले. "वावर शे."

त्यांनी मान वर केली. "परात शे." पुन्हा वाकले. "वावर शे." असे बराच वेळ चालले. मामाही वाकून पाहून आले आणि आपल्याला हे आधीपासून माहीत होते असे आईला सांगू लागले. वडिलांनी शेवटी पानाचा पुडा सोडला.

पण पाहुणे उठले नाहीत. ते खिडकीतून पाहतच राहिले आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. मला ती कशाची आहे हे कळले, कारण मलाही तेच दिसत होते. माझ्या ओळी वाकड्या गेल्या होत्या. एका ठिकाणी तीन झाडे एकमेकांच्या अंगावर, दुसऱ्या ठिकाणी मधूनच मोकळी जागा. टेकू चुकीच्या बाजूला. शेवरी मी लावली होती, पण वारा कुठला ते मला माहीत नव्हते. घाईने नव्हे, मला ते येतच नव्हते. मी आजवर त्या बागेत एकही झाड लावले नव्हते.

पाहुणे उठून बैठकीत गेले आणि चौकट भिंतीवरून काढून घेऊन आले. ती त्यांनी परातीशेजारी धरली.

"पोर हुशार शे," ते म्हणाले. "परातमा वावर व्हस, मी मानस. पन हाई बाग ती बाग नही." त्यांनी फोटोवर बोट टेकवले. "या ओळी दखा. झाडझाडमा अंतर दखा. घडले टेकू जठे पायजे तठेच शे. हाई ज्यानी लायी त्याले केळी कळस. ह्या पोरनं काम नही हाई. हाई कोना तरी हातनी बाग शे, आन् ती कोठे तरी शे."

त्यांनी चौकट बाजेवर ठेवली, पायात जोडा सरकवला आणि मामांना म्हणाले, "चला. चारनी गाडी सापडी."

वडील पुढे झाले, पण ओळींचे त्यांनाही काही माहीत नव्हते. आई दारात होती. काका सवयीने बैलांकडे वळले होते. स्टँडवर सोडायचे काम त्यांचे. त्यांची पाठ माझ्याकडे होती. गोठ्याच्या दारापाशी ते क्षणभर थांबले. त्यांनी मागे वळून पाहिले ते माझ्याकडे नाही, परातीकडे, आणि माझ्या त्या वाकड्या ओळी पाहून, सगळे बिघडले असतानाही, त्यांचा हात आपोआप थोडा पुढे आला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि बैलांचे दावे सोडू लागले.

मी त्यांना शब्द दिला होता. खरे म्हणजे शब्दही दिला नव्हता, नुसती मान हलवली होती. घशात आधी इंग्रजी वाक्य आले, ते उपयोगाचे नव्हते. अहिराणी आली नाही. जी आली ती शाळेतली मराठी होती, जिला शेजारच्या बायका हसत, आणि ती अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने आली.

"ती बाग काकांनी लावली होती. याच परातीत. मी फक्त फोटो काढला. काका, बैल राहू द्या. इकडे या आणि ओळी तुम्ही धरा."